सहल सर्वांची, तयारी ज्याची त्याची

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

परदेशगमन म्हटले की पूर्वी दोनच प्रकारची माणसे डोळ्यांपुढे येत. एक, बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस जाणारे श्रीमंतांचे चिरंजीव. आणि दुसरे, सरकारी खर्चाने जाणारे मंत्री व अधिकारी. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना केवढी टीका सहन करावी लागली हे आपण सर्वांनी वाचले आहे. आज परिस्थिती पालटली आहे. तालुक्याच्या एस. टी. स्थानकासमोर ज्या भिंतीवर शिकवणी वर्गांच्या जाहिराती लागतात, त्याच भिंतीवर 'युरोप १४ दिवस' असा फलक दिसू लागला आहे. निवृत्त शिक्षक, परिचारिका, द्राक्षबागायतदार, बँकेतील शिपाई अशी साधी माणसे सहल-कंपन्यांबरोबर समूहाने परदेशी जाऊ लागली आहेत.

कोणी म्हणेल, आपल्या महाविद्यालयातील मुलामुलींना या विषयाचे काय? आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून मुंबईदेखील नीट पाहिलेली नाही. हे खरे आहे. परंतु घरातले किंवा गल्लीतले कोणी परदेशी निघाले, की अर्ज, करार, पावत्या असे सारे कागद एकाच व्यक्तीच्या हातात येतात. आणि ती व्यक्ती म्हणजे 'कॉलेजात जाणारी' किंवा 'कॉलेजात जाणारा'. माझ्या घरी मी महाविद्यालयात आलेली पहिलीच. त्यामुळे माझी थोरली आत्या २०२५ च्या मे महिन्यात युरोपच्या समूहसहलीस निघाली, तेव्हा तिची सर्व तयारी माझ्याकडे आली. मी स्वतः विमानात बसलेले नाही. तथापि त्या पाच-सहा महिन्यांत जे वाचावे, विचारावे आणि करावे लागले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आत्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ती सातवी शिकलेली. ग्रामीण रुग्णालयात आया म्हणून ३१ वर्षे नोकरी करून ३१ मे २०२४ रोजी निवृत्त झाली. निवृत्तीच्या पैशांतून सहलीला जाण्याचा बेत तिने बोलून दाखविला, तेव्हा घरात वादळ उठले. "एवढ्या पैशांत घरावर स्लॅब पडला असता," हे वडिलांचे म्हणणे. "एकटी बाई, इंग्रजीचा गंध नाही, तिथे हरवलीस तर?" ही आजीची काळजी. आत्या शांतपणे म्हणाली, "एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या उशापायथ्याशी उभी राहिले. आता चौदा दिवस माझे." यावर कोणाला उत्तर सुचले नाही.

आजीची शंका मात्र माझ्या मनात राहिली. समूहसहलीला जाणारी पुष्कळ माणसे असे समजतात की, पैसे भरले, आता सर्व काही टूर मॅनेजर पाहून घेईल. हा समज अर्धाच खरा आहे. बस, हॉटेल, जेवण, तिकिटे यांची काळजी मॅनेजर घेतो. परंतु तीन ठिकाणी समूह बाजूला राहतो आणि माणूस एकटा उभा असतो. पहिले ठिकाण कागद. दुसरे ठिकाण सरकारी खिडकी. आणि तिसरे ठिकाण अडचणीची वेळ. माझ्या मते पूर्वतयारी म्हणजे या तीन ठिकाणांची तयारी होय. बॅग भरणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

कागदावर एकटे

पहिला कागद म्हणजे पारपत्र, अर्थात पासपोर्ट. तो मिळविणे आता पूर्वीइतके अवघड नाही. अर्ज संगणकावर भरावयाचा, ३६ पानी पुस्तिकेसाठी १,५०० रुपये शुल्क भरावयाचे आणि ठरलेल्या दिवशी मूळ कागद घेऊन केंद्रावर जावयाचे. २०१७ पासून अनेक ठिकाणच्या मोठ्या टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रे उघडली आहेत, त्यामुळे प्रत्येक वेळी पुणे-मुंबई गाठावी लागत नाही. पुढे पोलीस चौकशी होते आणि पुस्तिका टपालाने घरी येते. प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षे चालतो.

खरी अडचण असते ती नाव आणि जन्मतारखेची. आपल्याकडे आत्याच्या पिढीतील असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत आणि नाव घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून टाकीत. आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर आणि नोकरीच्या पुस्तकात १ जून होता, पण आधार कार्डावर त्याच वर्षाची १ जानेवारी होती. दाखल्यावर माहेरचे नाव, तर आधार व बँकेत सासरचे. माणूस एकच, पण कागदावर दोन बायका! म्हणून माझी पहिली सूचना अशी : पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी आधार, पॅन, बँक पुस्तक, शाळेचा दाखला आणि विवाहाचा दाखला हे पाचही कागद एका ओळीत मांडावेत आणि नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, जन्मतारीख एकेक करून ताडून पाहावी. फरक असल्यास आधी तो दुरुस्त करून घ्यावा. आधार कार्डावरील जन्मतारीख सामान्यतः एकदाच बदलता येते, हे ध्यानात ठेवून योग्य पुराव्यासहच जावे. या कामास आम्हांला सुमारे दोन महिने लागले. सहलीची पहिली रक्कम भरण्याआधीच पासपोर्ट हाती असावा असे मी म्हणते ते याचसाठी. विमानाच्या तिकिटावरील नावही पासपोर्टातील नावाशी अक्षरशः जुळावयास हवे.

येथे आणखी एका गोष्टीची भीती पुष्कळांना वाटते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर 'ई. सी. आर.' असा शेरा येतो, म्हणजे परदेशी जाताना तपासणी आवश्यक. परंतु ही तपासणी आखाती देशांसह ठराविक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांकरिता आहे. फसवणुकीपासून मजुरांचे रक्षण व्हावे हा तिचा हेतू. सहलीला जाणाऱ्यास तिचा अडसर नाही. शिवाय ५० वर्षांवरील व्यक्तींना या शेऱ्यातून सूट आहे. त्यामुळे "शिक्षण कमी, म्हणून परदेश बंद" असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

दुसरा कागद म्हणजे सहल-कंपनीचा करार. रंगीत पुस्तिका मराठीत असते, पण अटींचे पान बारीक इंग्रजीत. सही मात्र त्या बारीक पानावर घेतात. मी शब्दकोश घेऊन दोन रात्री ते पान वाचले आणि वहीत प्रश्न काढले. ते असे : एकूण रक्कम किती? तिच्यातील काही भाग युरोमध्ये आहे काय? (तसा असल्यास युरो महागला की आपली रक्कम वाढते.) एकट्या माणसास खोली दुसऱ्याबरोबर वाटून मिळेल की जादा पैसे भरावे लागतील? कोणकोणत्या स्थळांची प्रवेश तिकिटे धरली आहेत आणि कोणती स्थळे नुसती बसमधून दाखविणार? टिप म्हणून रोज काही द्यावयाचे आहे काय? व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत मिळेल? आपण स्वतः रद्द केल्यास किती दिवस आधी किती कपात? या सर्वांची उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत आणि प्रत्येक हप्ता बँकेमार्फत भरून पावती ठेवावी. आत्याने ती वही घेऊन स्वतः कार्यालयात प्रश्न विचारले. तेथील गृहस्थांनी आधी माझ्याकडे पाहून उत्तरे दिली; तिसऱ्या प्रश्नापासून ते तिच्याकडे पाहून बोलू लागले.

या कराराबरोबर एक रक्कम 'टी. सी. एस.' या नावाने कापली जाते. परदेशी सहलीच्या पैशांवर कंपनीने प्राप्तिकर आगाऊ गोळा करून सरकारकडे भरावा असा कायदा आहे. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत, म्हणून भरतेवेळचा दर विचारून घ्यावा. महत्त्वाचे हे की ही रक्कम बुडीत नसते. ती आपल्या पॅनवर जमा होते, आणि ज्याला कर लागत नाही त्याने प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले तर ती परत मिळते. पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊक नसल्यामुळे ते विवरणपत्र भरत नाहीत. आपल्या वाणिज्य शाखेच्या मित्रांना येथे मोठे पुण्यकर्म करता येण्यासारखे आहे.

तिसरा कागद व्हिसाचा. युरोपातील २९ देशांनी मिळून 'शेंगेन' नावाचे एक क्षेत्र केले आहे. या क्षेत्रासाठी एकच व्हिसा लागतो आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ज्या देशात सर्वांत अधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावयाचा. ब्रिटन यात येत नाही; लंडन पाहावयाचे असल्यास तेथील व्हिसा वेगळा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो; पण उन्हाळ्याच्या दिवसांत भेटीची तारीखच लवकर मिळत नाही, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवणे शहाणपणाचे. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो झाले आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि दोन पाने कोरी असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. विम्याच्या अर्जात रक्तदाब, मधुमेह यांची नोंद प्रामाणिकपणे करावी. लपविलेला आजार ऐनवेळी विम्याच्या आड येतो.

अर्जाबरोबर बँकेचे खातेपत्रक द्यावे लागते. तेथील अधिकाऱ्यास दोन गोष्टी पाहावयाच्या असतात : या व्यक्तीस खर्च झेपेल काय, आणि ही व्यक्ती परत येईल काय. पुष्कळजण नातेवाइकांकडून उसने पैसे आणून खात्यात शिल्लक फुगवितात. अचानक आलेली मोठी रक्कम उलट संशय वाढविते. आत्याच्या खात्यातही निवृत्तीची मोठी रक्कम एकदम जमा झालेली होती. म्हणून आम्ही निवृत्तिवेतनाचा आदेश आणि एक छोटे पत्र सोबत जोडले. पैसा कोठून आला हे सरळ सांगावे. खरे असेल तेच लिहावे, आणि जे लिहिले ते अर्जदारास स्वतःस पाठ असावे.

खिडकीपुढे एकटे

व्हिसाच्या अर्जासाठी बोटांचे ठसे देण्यास स्वतः जावे लागते. येथे कष्टकरी माणसांची एक वेगळी अडचण आहे. आयुष्यभर फरशा पुसून, कपडे धुऊन आत्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा सहजासहजी उठत नाही. म्हणून आम्ही पंधरा दिवस आधीपासून तिच्या बोटांना रोज रात्री खोबरेल तेल चोळले, भांडी मी घासली, आणि जाण्याच्या दिवशी हात स्वच्छ धुऊन कोरडे केले. पुण्याच्या अर्जकेंद्रात तीनदा बोटे ठेवावी लागली, पण ठसे उमटले. एकदा दिलेले ठसे पुढील ५९ महिन्यांत दुसरा शेंगेन व्हिसा घेताना सामान्यतः पुन्हा वापरले जातात.

दुसरी खिडकी विमानतळावरील. निघताना भारतीय अधिकारी आणि पोहोचल्यावर तेथील अधिकारी पासपोर्ट पाहतात. समूह चाळीस जणांचा असला तरी या खिडकीपुढे एकेकानेच जावे लागते. कुठे निघालात, किती दिवस, कोणाबरोबर, कोठे राहणार, असे साधे प्रश्न असतात. यासाठी भाषणे पाठ करण्याची गरज नाही. मी आत्याकडून चार छोटी उत्तरे करवून घेतली : 'टुरिझम', 'फोर्टीन डेज', 'विथ ग्रुप', आणि हॉटेलचे नाव. संध्याकाळी चुलीपुढे भाकरी थापताना मी अधिकारी व्हायची आणि ती उत्तरे द्यायची. धाकट्या भावाने एकदा मुद्दाम दरडावून विचारले, तर ती म्हणाली, "नीट विचार, मग सांगते." भीती गेल्याची ती खूण होती. सोबत परतीचे तिकीट, हॉटेलांची यादी आणि विम्याचा कागद एका पारदर्शक पिशवीत असावा. मोबाइलमध्ये असले तरी कागदावर असावे, कारण मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

आत्या जाऊन आल्यानंतर, १२ ऑक्टोबर २०२५ पासून, शेंगेन देशांनी सीमेवर नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी प्रवाशाच्या येण्याजाण्याची नोंद संगणकात होते आणि तेथे चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. नवीन जाणाऱ्यांनी हे ध्यानी घेऊन घाबरून जाऊ नये.

तिसरी खिडकी जकातीची, आणि येथे आपल्या माणसांचे हमखास अडते ते खाण्याच्या पदार्थांवरून. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दूध आणि मांस यांचे पदार्थ वैयक्तिक सामानातूनही आणण्यास बंदी आहे. जनावरांचे रोग पसरू नयेत हे कारण. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवावे. ताजा आंबा, कढीपत्ता, भाजी यांनाही आरोग्यदाखल्यावाचून प्रवेश नाही. चिवडा, भडंग, चकली, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट यांनी आपले काम भागते. विमानात जवळच्या पिशवीत १०० मिलीलिटरहून मोठ्या बाटलीतील पातळ पदार्थ चालत नाहीत. लोणचेही पातळातच धरले जाते, तेव्हा ते घट्ट झाकणाच्या बरणीत मोठ्या बॅगेत घालावे. सुके खोबरे मात्र मोठ्या बॅगेत चालत नाही, कारण त्यातील तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडते. मोबाइलची पॉवर बँक याच्या उलट : ती मोठ्या बॅगेत ठेवण्यास मनाई, जवळच बाळगावी लागते.

दुसऱ्या देशांचे नियम आणखी निराळे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणे हा गुन्हा ठरतो. दुबईला निघालेल्या माणसाजवळ प्रेमाने अनारसे देणाऱ्याने त्यावरील खसखस आठवावी! तात्पर्य, ज्या देशात जावयाचे त्या देशाची बंदीची यादी बॅग भरण्यापूर्वी पाहावी आणि दुसऱ्याने दिलेले बंद पुडके कधीही स्वीकारू नये. बॅग आपली, तर उत्तरही आपणांसच द्यावे लागते.

अडचणीत एकटे

सहलीचे चित्र पाहून वाटते की सारा प्रवास बसने होतो. प्रत्यक्षात जुन्या शहरांच्या मध्यभागी मोठ्या बसना मज्जाव असतो आणि दगडी फरसबंदीवरून मैलोन्‌मैल चालावे लागते. आत्याने जानेवारीपासून रोज पहाटे पाऊण तास चालण्याचा परिपाठ ठेवला. नवे बूट महिनाभर आधी घेऊन त्याच बुटांत ती चालली, कारण नवे पादत्राण पहिल्यांदा परदेशात घालणे म्हणजे फोडांना आमंत्रण. लुगडे सोडण्यास ती तयार नव्हती, आणि सोडण्याचे कारणही नव्हते. आत उबदार विजार, पायांत लोकरी मोजे आणि अंगात स्वेटर, की थंडीचे काम भागले. व्हॅटिकनच्या चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले लागतात. तेथे तर अंगभर पदराची साडीच सर्वांत सोयीची ठरली.

स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख हे रेल्वेस्थानक समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटर उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवाव्यात आणि त्यावर थोडे आणखी चढावे. तेथील विरळ हवेत दम लागतो, डोके दुखते. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना ही उंची सांगूनच तिकीट घ्यावे. न जाण्याचा सल्ला मिळाल्यास समूहाची लाज बाळगू नये. खालच्या गावातून दिसणारा डोंगरही सुंदरच असतो.

औषधांबाबत तीन नियम आम्ही पाळले. एक, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवावयाच्या आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह बरोबर ठेवावयाची. दोन, पंधरा दिवसांऐवजी पंचवीस दिवसांच्या गोळ्या न्यावयाच्या. निम्म्या जवळच्या पिशवीत, निम्म्या मोठ्या बॅगेत. तीन, गोळीची वेळ ठरवून घ्यावयाची. मध्य युरोपचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. सकाळी आठची गोळी भारतीय वेळेप्रमाणे घ्यावयाची की तेथील, हे डॉक्टरांनाच विचारावे.

पैशांचे असे. फ्रान्स, इटली, जर्मनी, ऑस्ट्रिया येथे युरो चालतो. स्वित्झर्लंडचा फ्रँक निराळा. बँकेकडून परकीय चलनाचे कार्ड घ्यावे, थोडी रोकड घ्यावी, आणि सर्व एका ठिकाणी ठेवू नये. सुटी नाणी जवळ असणे फार गरजेचे, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी पुष्कळ ठिकाणी अर्धा-एक युरो द्यावा लागतो. ही गोष्ट बायकांना अधिक अडचणीची असूनही रंगीत पुस्तिकेत ती कोणी छापत नाही. पाणी विकत घेण्यावर मात्र खर्च करू नये. पश्चिम युरोपात नळाचे पाणी सर्वसाधारणपणे पिण्याजोगे असते, आणि रोममध्ये तर रस्तोरस्ती वाहत्या पाण्याचे नळ आहेत. घरून रिकामी बाटली नेली की पुरे.

आता आजीच्या मूळ शंकेकडे येऊ. हरवले तर? रोम आणि पॅरिस येथे खिसेकापूंचा सुळसुळाट आहे आणि गर्दीत चुकामूकही होते. त्यासाठी आम्ही तीन व्यवस्था केल्या. मी कापडाची एक चपटी पिशवी शिवली. ती गळ्यात, पोलक्याच्या आत. तिच्यात पासपोर्ट, कार्ड आणि थोडे युरो. दुसरी व्यवस्था एका कार्डाची : त्यावर तिचे नाव, रक्तगट, आजार, घरचा व मॅनेजरचा दूरध्वनी इंग्रजीत लिहिला. प्रत्येक मुक्कामी पोहोचताच हॉटेलचे छापील कार्ड उचलून याच पिशवीत ठेवावयाचे. चुकामूक झाली तर टॅक्सीवाल्यास ते नुसते दाखविले तरी पुरते. तिसरी व्यवस्था म्हणजे एक नियम : चुकामूक झाल्यास जेथे आहोत तेथेच उभे राहावयाचे, शोधत फिरावयाचे नाही. जत्रेत लहान मुलांना आपण हेच सांगतो.

पासपोर्टच हरवला तर प्रथम स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि मग त्या देशातील भारतीय वकिलातीत जावे. पॅरिस, रोम, बर्न येथे आपल्या वकिलाती आहेत. तेथे मायदेशी परतण्यापुरता तातडीचा दाखला मिळतो. यासाठी पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन छायाचित्रे मूळ पासपोर्टपासून वेगळी ठेवावीत. एक प्रत घरी असावी. युरोपीय संघात कोठेही संकटकाळी फिरवावयाचा क्रमांक ११२ आहे. आता भारतातही तोच आहे, तेव्हा लक्षात ठेवण्याचे श्रम नाहीत.

समूहातील वागण्याविषयी एवढेच सांगते की वेळ पाळणे हे तेथे पहिले सौजन्य आहे. एकाने दहा मिनिटे उशीर केला, तर चाळीस जणांची मिळून चारशे मिनिटे जातात. उपवास, पथ्य, शाकाहार असल्यास पहिल्याच दिवशी मॅनेजरला सांगावे. ताट पुढे आल्यावर सांगू नये. खोलीतील सोबतीण घोरत असेल तर कापसाचे बोळे उपयोगी पडतात, हा आत्याचा स्वानुभव.

आत्या चौदा दिवसांनी सुखरूप परत आली. गल्लीतल्या बायका जमल्या आणि "काय काय पाहिलंस?" म्हणून विचारू लागल्या. तिने आयफेल टॉवर, बर्फाचे डोंगर, रोमचे कारंजे सारे सांगितले. पण आधी सांगितले ते हे : "खिडकीतल्या साहेबानं मला विचारलं, आणि मीच उत्तर दिलं. मॅनेजरला बोलवायची पाळी नाही आली." वडील कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी नंतर स्लॅबचा विषय काढला नाही.

त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर कागद घेऊन येणारी माणसे वाढली आहेत. सगळीच काही परदेशी निघालेली नसतात. कोणाची आधारवरची तारीख चुकलेली, कोणाला विम्याच्या अटी वाचून हव्या असतात, कोणाच्या मुलाला आखातात नोकरीचे पत्र आलेले असते आणि त्या पत्रात नेमके काय लिहिले आहे हे घरात कोणालाच कळत नाही. सहलीच्या करारापेक्षा त्या पत्राचे मोल कितीतरी अधिक.

म्हणून आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रमुखांना माझी एक नम्र विनंती आहे. आपले हिवाळी शिबीर सात दिवसांचे असते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. ती कामे चालू राहोतच. परंतु त्यांपैकी एक दिवस गावातील चावडीवर टेबल मांडून बसावे आणि ज्यांना ज्यांना आपले कागद समजून घ्यावयाचे असतील त्यांना ते मोठ्याने, सावकाश, मराठीत वाचून दाखवावेत. सही करण्यापूर्वी काय विचारावे हेही लिहून द्यावे. मराठी आणि इंग्रजी विभागातील प्राध्यापकांनी मार्गदर्शन केले, तर हे काम कसलाही खर्च न करता होईल. टेबलावर बसणाऱ्यांच्या यादीत माझे नाव पहिले लिहावे.